तक्ता पाच ब

बावीस एप्रिलपर्यंत पाठवायचंय, म्हणाले सर,
विभागातल्या सगळ्यांची कामगिरी,
एका पानात, फॉन्ट बारा.
कूलरच्या वाळ्याला पाणी नाही,
टुल्लू पंप मागच्या उन्हाळ्यातच जळला.
मी माठातलं पाणी मगाने मारते जाळीवर
आणि लिहायला बसते.

विद्यार्थी.
रेवती उईके, नेट उत्तीर्ण, चौथ्या प्रयत्नात.
शेवटचे दोन शब्द खोडते.
सहारे चहा ठेवता ठेवता वाकून बघतात:
काहून खोडून राहिल्या मॅडम?
मी तं दहावीले पाच वेळा बसलो.
परत लिहिते.
तीनदा निकाल लागला, तीनदा ती दुसऱ्या दिवशी
देवलापारहून पहाटेच्या एसटीने आली
आणि मागच्या बाकावर ज्युनिअर पोरांना
'द' कुठे लावायचा, कुठे नाही, ते शिकवत बसली.
गोंडीत तो नाही, मराठीत नाही, म्हणायची,
दोन घरी कोणी न विचारलेला माणूस
तिसऱ्या घरी कसा पाटावर बसतो बघा.

स्वप्नदीप ढेंगरे, वक्तृत्व, दुसरा क्रमांक.
कोट ग्रंथालयातल्या बाबूंचा,
सराव फुटाळ्यावर, कणसंवाल्यासमोर.
परीक्षकांचा शेरा: उच्चार स्थानिक.
तो कागद त्याने लॅमिनेट करून घेतलाय.

प्राध्यापक.
सरांचे शोधनिबंध दोन, परिषदा तीन,
त्यातली एक थंड हवेच्या ठिकाणी.
नारनवरे बाई निवृत्त झाल्या,
तरी दर गुरुवारी रिक्षाने येतात,
दुसऱ्यांच्या प्रबंधातले स्वल्पविराम उचलतात
तांदळातले खडे निवडावे तसे.
त्याला रकाना नाही.
तळाशी बारीक अक्षरात: फक्त नियमित नियुक्ती.

माझं पुस्तक आलंय यंदा.
झाडीपट्टीतल्या दंडारींचे इंग्रजी अनुवाद,
सहा वर्षं, चार गावं, एक मेलेला टेपरेकॉर्डर.
मी अकरा वर्षं इथे शिकवते, तासिका तत्त्वावर.
बघू पुढल्या वर्षी, म्हणाले सर,
आणि खरंच वाईट वाटलं त्यांना,
चष्मा पुसत राहिले.

माजी विद्यार्थी.
नसीमुद्दीन, कामठीचा, कोर्टात दुभाषी.
एका रात्री फोन आला त्याचा:
मॅडम, साक्षीदार म्हातारी म्हणाली, आता काय सांगू साहेब,
आणि मला ते इंग्रजीत नेताच येईना.
तो प्रश्न नाही. नकार नाही.
माहीत नाही, असंही नाही.
अकरा मिनिटं थांबलं कोर्ट.
न्यायाधीश पंख्याकडे बघत होते,
वकील घड्याळाकडे,
म्हातारी माझ्याकडे.
शेवटी काय सांगितलंस, विचारलं मी.
म्हणाला, मराठीतच परत म्हटलं, जरा हळू.

हे कामगिरीत कसं लिहायचं?
'न्यायालयीन सेवेत कार्यरत' असं लिहिते.

आणि मग सुचतं:
मीही इथलीच. दोन हजार आठची.
पहिला वर्ग, खोली क्रमांक तीन,
खिडकीशी तोच निंब.
माजी विद्यार्थ्यांच्या यादीत, नसीमच्या खाली,
स्वतःचं नाव टाइप करते, पुस्तकासकट.
ज्या खोलीत उद्या सकाळी साडेदहाला माझा तास आहे
ती कागदावर मी कधीच सोडून गेलेली.

सध्याचे पद:
या रकान्यात कर्सर लुकलुकतो.
कोर्ट थांबलंय.
सहारे कप उचलतात, बाहेर गेट लावायची घाई,
अमरावती रोडवर ट्रक, वाळा पुन्हा कोरडा.

रकाना तसाच ठेवते.
पान भरलंय. एक ओळ खाली सांडते,
काहीतरी काढावं लागणार.
वरपासून वाचत येते,
चौथ्या प्रयत्नात, पाशी थांबते.

फॉन्ट साडेअकरा करते.